निसर्गनियमाच्या नावाखाली

माळव्यातील मराठी माणसाला वादाची हौस उपजतच असते. पेशव्यांच्या फौजेबरोबर तो इकडे आला तेव्हा तलवारीखेरीज जे काही त्याने बरोबर आणले, त्यात वाद घालण्याची ही खोड अग्रभागी असावी. धारला किंवा देवासला चार मराठी माणसे जमली की प्रथम हवापाणी, मग पेन्शन आणि महागाई भत्ता, आणि चहाचा दुसरा पेला येईतो विषय थेट तत्त्वज्ञानात शिरतो. पाप-पुण्य खरे की मानीव? काळ पुढे जातो की चक्राकार फिरतो? माणूस माकडापासून झाला काय? आणि समाजात उच्च-नीच असायचेच का? या चार प्रश्नांवर आम्ही गेली कित्येक वर्षे उत्तमोत्तम भाषणे ऐकत आहो. तक्रार चर्चेबद्दल नाही. चारही वाद शेवटी एकाच वाक्यापाशी येऊन थांबतात, आणि त्या वाक्यापुढे कोणी बोलत नाही, याबद्दल आहे. ते वाक्य असे : "अहो, हा निसर्गाचा नियमच आहे."

हे वाक्य उच्चारणारा गृहस्थ समाधानाने मागे टेकून बसतो. गरीब गरीब का? निसर्गनियम. गावे बुडाली? काळाचा महिमा. दुर्बळ मागे पडले? डार्विनने सांगितलेच आहे. ज्या डार्विनला हेच गृहस्थ सकाळी खोटा ठरवतात, त्यालाच सायंकाळी साक्षीला बोलावतात. या सोयीस्कर साक्षीवर आमचा आक्षेप आहे, आणि तो सविस्तर नोंदवावा म्हणून हा लेख.

उदाहरण घरचेच घेऊ. धार जिल्ह्यातील बाघ परिसरात पाडल्या नावाचे गाव आहे. तेथील शेतकऱ्यांना नांगरताना दगडाचे वाटोळे गोळे सापडत. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी हे गोळे शेतात मांडून पुजले, नारळ वाढवले, शेताचे आणि गुराढोरांचे रक्षण करणारा देव म्हणून त्यांना 'काकड भैरव' हे नाव दिले; काकड म्हणजे शेतजमीन आणि भैरव तिचा धनी. डिसेंबर २०२३ मध्ये वर्तमानपत्रांतून बातमी आली की लखनौच्या बीरबल साहनी पुराविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनी पाहणी करून हे गोळे डायनासोरची अश्मीभूत अंडी असल्याचे सांगितले. बातमी देशभर फिरली, आणि जिकडे तिकडे एकच हशा पिकला. "आदिवासी ते आदिवासीच, अंड्याला देव समजले!" आमच्या कट्ट्यावरही हाच सूर लागला. एका सुविद्य स्नेह्यांनी तर यावरून मानवी प्रगतीच्या पायऱ्याच मांडून दाखवल्या : सर्वांत खाली दगड पुजणारा, त्यावर मूर्ती पुजणारा, त्यावर निराकाराचा उपासक आणि शिखरावर विज्ञान जाणणारा. ते स्वतः कोणत्या पायरीवर उभे होते हे सांगायची गरज त्यांना वाटली नाही. त्यांच्या देवघरात शाळिग्राम आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. शाळिग्राम म्हणजे हिमालयाच्या पोटातून गंडकी नदीत वाहून येणारा अमोनाइट या सागरी प्राण्याचा जीवाश्म. आम्ही ते बोलून दाखवले. तेव्हा "ते वेगळे" असे उत्तर मिळाले. वेगळे ते काय, हे मात्र कळले नाही. एक जीवाश्म चांदीच्या ताम्हनात आहे आणि दुसरा शेताच्या बांधावर, एवढाच भेद आम्हांस दिसतो. तो भेद जीवशास्त्रातला नव्हे.

पाडल्याच्या त्या गोळ्यांचे खरे मोल काय, हेही हसणाऱ्यांनी जाणून घ्यावयास हवे होते. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या हर्षा धीमान, गुंटुपल्ली प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध 'प्लॉस वन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बाघ-कुक्षी परिसरातील नर्मदाखोऱ्यात टायटॅनोसॉर जातीच्या डायनासोरांची ९२ घरटी आणि २५६ अंडी त्यांनी नोंदवली होती. या संशोधकांत विशाल वर्मा हे धार जिल्ह्यातील शाळाशिक्षक आहेत. विद्यापीठाचा टिळा नसलेला हा माणूस वर्षानुवर्षे या टेकड्या पायी तुडवत जीवाश्म शोधत राहिला. अंडी साधारण पंधरा ते सतरा सेंटिमीटर व्यासाची आहेत. म्हणजे पुढे हत्तीहून कितीतरी मोठा होणारा प्राणी नारळाएवढ्या अंड्यातून बाहेर पडे. पाडल्याजवळच अंड्याच्या आत अंडे असा एक विलक्षण नमुनाही सापडला. तो पक्ष्यांत क्वचित आढळतो. डायनासोरच्या बाबतीत ही जगातील पहिलीच नोंद, २०२२ सालची. घरटी एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की टायटॅनोसॉरच्या माद्या अंडी घालून निघून जात असाव्यात, पिलांचे संगोपन करीत नसाव्यात, असे अनुमान संशोधकांनी काढले.

या शेवटच्या अनुमानाकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधतो. निसर्गात जे आहे तेच योग्य, हा नियम जर पाळायचा, तर अंडी उघड्यावर टाकून जाणारी ती माता आदर्श ठरेल. तिचा कित्ता आपल्या घरातील आयांनी गिरवावा असे आमच्या निसर्गनियमवाद्यांपैकी कोणी म्हणणार आहे काय? म्हणणार नाही. तेथे त्यांना हत्तिणीचे वात्सल्य आठवेल, माकडिणीने छातीशी धरलेले पिलू आठवेल. निसर्ग हे एवढे मोठे कोठार आहे की हवा तो दाखला त्यातून काढता येतो. दाखला कोणता काढायचा हे माणूस आधीच ठरवून आलेला असतो, आणि ते ठरवण्याची जबाबदारी मात्र निसर्गावर लोटतो. डेव्हिड ह्यूमने १७४० च्या सुमारासच ही चलाखी पकडली होती. 'आहे' या क्रियापदापासून सुरुवात करून लेखक नकळत 'असावे' या क्रियापदावर कसा येतो, आणि मधली उडी कशी मारली याचा हिशेब कसा देत नाही, हे त्याने दाखवून दिले. शासकीय सेवेत अशी नोंद झाली असती तर लेखापरीक्षकाने तत्काळ आक्षेप काढला असता. तत्त्वचर्चेत लेखापरीक्षक नसतो, एवढेच.

आता काळाविषयी. उज्जैन देवासपासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि प्राचीन भारतीय ज्योतिषशास्त्राची मध्यरेषा उज्जैनवरून जात असे याचा अभिमान आम्हांसही आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथे 'विक्रमादित्य वैदिक घड्याळ' सुरू झाले, ज्यात सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंतचा दिवस तीस मुहूर्तांत विभागला आहे. हे घड्याळ पाहून परतलेली मंडळी ब्रह्मदेवाच्या दिवसाचे गणित सांगू लागली : एक कल्प म्हणजे ४३२ कोटी वर्षे, आणि विज्ञानाने काढलेले पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी, म्हणजे आपल्या ऋषींना सर्व ठाऊक होतेच. आकडे जवळपास आले म्हणजे ज्ञान एक झाले, असे होत नाही. कल्पाचा आकडा ग्रहांच्या फेऱ्यांचे पूर्णांक जुळावेत या गणिती गरजेतून बसवला गेला. पृथ्वीचे वय खडकांतील युरेनियम आणि शिसे यांच्या प्रमाणावरून मोजले गेले. पहिले गणित थोर आहे, पण ते दुसऱ्याचे उत्तर नव्हे. तरीही हा अभिमान आम्ही एकवेळ निमूट ऐकून घेऊ. कारण जी संस्कृती कोटी वर्षांचा विचार सहज करू शकली तिने मनाला दीर्घ काळाची सवय लावली, हे खरेच आहे.

पण मग पुढचे ऐका. श्वासासरशी ४३२ कोटी वर्षे उच्चारणारे हेच गृहस्थ, वानर आणि मानव यांच्या समान पूर्वजापासून आजपर्यंतची साठ-सत्तर लाख वर्षे द्यायला मात्र तयार नसतात! जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असल्याचे आणि माकडाचा माणूस होताना कोणी पाहिले नसल्याचे सांगितले, तेव्हा आमच्या मंडळींनी टाळ्या पिटल्या. पाहिले नाही म्हणून नाही, हा जर निकष असेल तर ब्रह्मदेवाचा दिवस कोणी पाहिला? २०२३ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या विज्ञानपुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला आणि 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या प्रकरणाच्या मथळ्यात केवळ आनुवंशिकता उरली. अठराशेहून अधिक वैज्ञानिक, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी पत्रक काढून निषेध केला. अकरावी-बारावीत हा विषय आहे, असे उत्तर दिले गेले. ते खरे आहे. पण तो जीवशास्त्र घेणाऱ्यांपुरता. दहावीनंतर जो कारखान्यात जातो, जी शेतावर किंवा सासरी जाते, तिला हा विषय आता शाळेत कधीही भेटणार नाही. पाडल्याच्या मुलाच्या पायाखाली टायटॅनोसॉरची अंडी आहेत आणि त्याच्या दहावीच्या पुस्तकात ती समजून घेण्याचे साधन नाही. मग मोठेपणी त्याने अंड्याला देव म्हटले की आम्ही हसायला मोकळे!

येथे दशावताराचा युक्तिवाद येतो, आणि तो आला नाही अशी सभा आम्ही पाहिलेली नाही. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन. पाहा, आमच्या पुराणांत उत्क्रांती होतीच. ही तुलना पुराणिकांनी केलेली नाही. छापील स्वरूपात तिचा प्रसार केला तो थिऑसॉफीच्या प्रवर्तक रशियन बाई मादाम ब्लाव्हाट्स्की यांनी, १८७७ च्या आपल्या ग्रंथात, म्हणजे डार्विनचे 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' १८५९ मध्ये प्रसिद्ध होऊन अठरा वर्षे उलटल्यावर. ज्या वैभवाचा शोध आम्हांस एका परदेशी बाईंनी लावून दिला, ते आम्ही स्वदेशी म्हणून मिरवतो. बरे, तुलना मान्य केली तरी त्यात घात हा, की उत्क्रांती म्हणजे शिडी, ही समजूत तिने पक्की केली. खाली मासा, वर राम-कृष्ण. डार्विनने शिडी मांडलीच नव्हती. त्याच्या ग्रंथातील एकुलती एक आकृती फांद्याफांद्यांची आहे. फांदीवर कोणी खाली-वर नसतो. जो तो आपापल्या टोकाशी असतो. आजचे माकड आपला पूर्वज नव्हे, चुलत भाऊ आहे. तेही तितकाच काळ चालून येथवर आले आहे.

'योग्यतमाचा टिकाव' हे तर बोलून चालून दुसऱ्याचे वाक्य. ते हर्बर्ट स्पेन्सरने १८६४ साली वापरले. डार्विनने आपल्या ग्रंथाच्या १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत ते स्वीकारले, आणि तेव्हापासून त्याचे भोग संपलेले नाहीत. महाराष्ट्राला स्पेन्सर नवा नाही. आगरकरांनी मिल आणि स्पेन्सर वाचून 'सुधारक' चालवला. समाज बदलता येतो, बदलला पाहिजे, या निष्कर्षाला ते त्यातून आले. आज आमचे सुखवस्तू मित्र त्याच कपाटातून स्पेन्सर काढतात तो सुधारणेच्या दाराला कुलूप लावण्यासाठी.

'योग्यतम' म्हणजे श्रेष्ठ, बलिष्ठ किंवा गुणवान नव्हे. त्या वेळच्या, त्या ठिकाणच्या परिस्थितीत ज्याची संतती अधिक उरली तो. याहून अधिक काही त्या शब्दात नाही. टायटॅनोसॉर हा जमिनीवर चाललेल्या सर्वांत प्रचंड प्राण्यांपैकी एक. नर्मदेच्या काठी त्याचे राज्य होते. त्याच काळात त्याच्या पायांशी उंदीर-चिचुंद्र्यांच्या आकाराचे सस्तन प्राणी लपतछपत जगत होते. मग सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या बाजूला अशनी कोसळला. आगेमागे दख्खनच्या भूमीतून लाव्ह्याचे थरावर थर वाहिले. त्या लाव्ह्याचा खडक झिजून आपली माळव्याची काळी माती झाली, जिच्यात आज सोयाबीन आणि गहू पिकतो. बलाढ्य गेले आणि चिचुंद्र्या उरल्या. त्या उरल्या म्हणून आपण आहो. यात चिचुंद्रीची गुणवत्ता किती आणि योगायोग किती, याचा हिशेब प्रत्येक यशस्वी कारखानदाराने एकदा मांडून पाहावा असे आम्हांस वाटते. (देवासला देशाच्या नोटा छापल्या जातात. म्हणून देवासकर धनवान झाले असे कोणी म्हणत नाही. पण नोटा जेथे साठतात तेथे गुणही साठले आहेत, असे मात्र सर्रास मानले जाते.)

दुर्बळाला निसर्ग दूर सारतो, समाजानेही सारावे, असे म्हणणाऱ्यांना आम्ही देवासच्याच एका घराची आठवण देतो. १९४८ च्या सुमारास कुमार गंधर्व देवासला आले ते क्षयाने ग्रासलेले होते. फुप्फुस निकामी होत चाललेले, गाण्यास मनाई, अंथरुणाला खिळलेले. 'योग्यतम' या कसोटीवर त्या वेळी त्यांचे स्थान काय होते? जो श्वास दीर्घ घेऊ शकत नाही तो गवई कसला? माळव्याची कोरडी हवा, पत्नी भानुमतीबाईंची वर्षानुवर्षांची शुश्रूषा आणि त्याच सुमारास नव्याने उपलब्ध झालेले स्ट्रेप्टोमायसिन यांमुळे ते उठले, पुन्हा गायले आणि १९९२ पर्यंत गात राहिले. यात निसर्गाने काय केले? क्षयाचा जंतूही निसर्गच होता. त्याच्या विरुद्ध उभी राहिली ती माणसांनी माणसासाठी केलेली धडपड. स्वतः डार्विनने १८७१ च्या 'डिसेंट ऑफ मॅन'मध्ये लिहिले आहे की दुर्बळांना मदत करण्याची ओढ सहानुभूतीच्या सहजप्रवृत्तीतून आली आहे, आणि ती दाबून टाकली तर आपल्या स्वभावातील सर्वांत उदात्त भागाचाच ऱ्हास होईल. डार्विनचा दाखला देणाऱ्यांनी निदान डार्विन वाचावा, ही अपेक्षा अवाजवी नसावी.

त्या आजारपणात आणखी एक गोष्ट घडली, ती आमच्या शिडीवाल्या मित्रांसाठी विशेष गैरसोयीची आहे. अंथरुणावर पडून कुमारजींनी माळव्यातील बाया-बापड्यांची, भिक्षेकरी नाथपंथीयांची गाणी ऐकली. त्या लोकधुनांत त्यांना रागांचे मूळ दिसले, आणि लोकधुनेतून उगवलेले नवे राग त्यांनी 'अनूपरागविलास' या १९६५ च्या ग्रंथातून संगीतविश्वापुढे ठेवले. दारावर पीठ मागायला आलेल्याच्या गळ्यातून शास्त्र शिकायचे असते, ही गोष्ट पायऱ्या मोजणाऱ्याला कधीच कळणार नाही.

आता उच्च-नीचतेकडे वळू. खरे म्हणजे शिडीची थट्टा देवासइतकी कोणत्याच गावाने केलेली नाही. अठराव्या शतकात तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंना हा प्रांत मिळाला, आणि पुढे एकाच गावात दोन राज्ये नांदू लागली : थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजवाडे, दोन कारभार, दोन दरबार आणि वर एकच देवीची टेकडी. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी चिटणीस होते. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकात त्यांनी या दुहेरी संसाराचे वर्णन केले आहे. थोरली ती थोरली कशाने? आधी जन्मलेल्या भावाचा वंश म्हणून. काळातील थोडेसे अंतर पुढे दोन शतके मान-मरातबाच्या रूपाने वागवले गेले. १९४८ साली दोन्ही पाती मध्य भारतात विलीन झाल्या आणि तो क्रम एका सहीसरशी संपला. पंधरा तोफांची सलामी दोन्हींना होती, एवढे समाधान उरले.

या थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव हे कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचे जावई. छत्रपती असूनही शाहूंना १८९९-१९०० च्या सुमारास भिक्षुकांनी सांगितले होते की आपण शूद्र, आपणांस वेदोक्त मंत्रांचा अधिकार नाही. म्हणजे राज्य, सैन्य, खजिना, सारे हाताशी असलेला पुरुषही कोणाच्या तरी शिडीवर खालच्या पायरीवर उभा केला जातो. शिडी निसर्गाने लावली असती तर तिच्या पायऱ्या सर्वांना सारख्याच दिसल्या असत्या. भिक्षुकाची शिडी वेगळी, जहागीरदाराची वेगळी, आजच्या कंपनी-अधिकाऱ्याची आणखी वेगळी; आणि प्रत्येक शिडी ज्याच्या हाती, तो नेमका वरच्या पायरीवर. हा योगायोग आमच्या निसर्गनियमवाद्यांना कधी खटकत कसा नाही? शेजारच्या महूला १८९१ मध्ये जन्मलेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या प्रबंधात जातीच्या समर्थनार्थ पुढे केलेला वंशशुद्धीचा जीवशास्त्रीय युक्तिवाद तपासून त्याचा फोलपणा दाखवला आहे. नव्वद वर्षे होत आली. तो युक्तिवाद आमच्या कट्ट्यावर अजूनही 'रक्तातच असते हो' या रूपाने सुखेनैव वावरतो.

मराठी वाचकाला या संदर्भात इरावती कर्वे आठवाव्यात. 'युगान्त'ची लेखिका म्हणून त्या घरोघरी परिचित आहेत. पण १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनच्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत त्यांनी कवट्या मोजल्या, हे पुष्कळांना ठाऊक नाही. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर. पुढे नाझी राजवटीच्या वंशविचाराला ज्यांनी शास्त्राचा मुलामा दिला, त्यांतले हे गृहस्थ. कवटीच्या दोन बाजूंतील असमतेचा वंशाशी, आणि पर्यायाने बुद्धीशी, संबंध असावा असे त्यांचे गृहीतक. परक्या देशात, परक्या भाषेत, पदवी ज्याच्या हाती त्या गुरूसमोर पंचविशीच्या आतबाहेरच्या या मराठी बाईंनी मापे घेतली आणि प्रबंधात लिहिले की असा संबंध दिसत नाही. निसर्गनियम कसा तपासायचा असतो, तर असा.

नीतीचा प्रश्न शेवटी घेतो, कारण बाकी तीन वादांतले ओझे याच्याच खांद्यावर पडते. धार जिल्ह्याच्या कुक्षी तहसिलीतील निसरपूर आणि चिखलदा ही गावे आपल्या वाचकांपैकी कित्येकांनी पाहिली असतील. सप्टेंबर २०१९ मध्ये सरदार सरोवर प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले आणि ही गावे पाण्यात गेली. नर्मदा जलविवाद लवादाचा १९७९ चा निवाडा सांगतो की पाणी येण्याआधी पुनर्वसन झाले पाहिजे, आणि जमीन गमावणाऱ्यास जमीन मिळाली पाहिजे. चाळीस वर्षे हातात होती. तरी पाणी आले तेव्हा पुष्कळांचे हिशेब मिटलेले नव्हते. त्या दिवसांत कट्ट्यावर जे तत्त्वज्ञान ऐकले ते असे : काळाचा ओघ कोणाला अडवता येतो? सिंधू संस्कृती बुडाली, द्वारका बुडाली. जे जुळवून घेतील ते टिकतील.

आम्ही धरणाच्या विरुद्ध बोलत नाही. २०१४ पासून नर्मदेचे पाणी क्षिप्रेत सोडले जाते; पाण्यासाठी तळमळलेल्या देवासला त्याची किंमत सांगावी लागत नाही. धरण हवे की नको हा विचारान्ती घ्यावयाचा निर्णय आहे, आणि निर्णय म्हटला की घेणारा आला, लाभ आला, तोटा आला, भरपाई आली, मुदत आली. आमची हयात ज्या कागदपत्रांत गेली त्यांत 'काळ' नावाचा सक्षम अधिकारी आम्हांस कधी आढळला नाही. आदेशाखाली सही असते ती माणसाची. निसरपूरची भिंत काळाने पाडली असे म्हणताच सही पुसली जाते, आणि भरपाई कोणाकडे मागायची हा प्रश्नच उरत नाही. काळाचा हा वापर आम्हांस अनीतीचा वाटतो. याच इरावतीबाईंनी जय निंबकर यांच्यासह कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी केली. ती १९६९ साली डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केली. कोण कोठे गेले, काय मिळाले, काय मिळाले नाही. काळाच्या ओघावर भाष्य करण्याऐवजी त्यांनी घरोघर जाऊन विचारले.

पीथमपूरची गोष्ट ताजी आहे. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील ३३७ टन विषारी कचरा, डिसेंबर १९८४ च्या वायुकांडानंतर चाळीस वर्षांनी, उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार जानेवारी २०२५ मध्ये बारा कंटेनरांतून धार जिल्ह्यातील पीथमपूरला आणला गेला. लोक रस्त्यावर उतरले. चाचण्या झाल्या आणि जून २०२५ अखेर तो जाळून संपला. जाळण्याची सोय तेथे होती म्हणून तो तेथे आला, हे आम्ही समजू शकतो. पण एका स्नेह्यांनी दिलेले स्पष्टीकरण आम्हांस समजू शकले नाही. ते म्हणाले, "कारखान्याच्या धुरात राहणाऱ्यांची शरीरे तयार झालेली असतात. उत्क्रांती म्हणतात ती हीच." हे वाक्य इतक्या सहजतेने आले की समोरच्या दोघांनी मान डोलावली! उत्क्रांती एका माणसाच्या आयुष्यात होत नाही. ती पिढ्यांतून होते, आणि होते ती कशी? जे सोसू शकत नाहीत ते संतती न ठेवता मरतात, अशी. म्हणजे पीथमपूरच्या मजुराचे शरीर धुराला 'तयार' व्हावे अशी ज्यांची अपेक्षा, त्यांनी आधी किती मजुरांची मुले मरू द्यायची ते सांगावे. एवढे स्पष्ट विचारल्यावर स्नेही म्हणाले की आपण विषय फार गंभीरपणे घेता.

गंभीरपणे घेतो खरे. विषय हाताशी असताना न घेऊन कसे चालेल? १९८२ साली भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे अरुण सोनकिया यांना सीहोर जिल्ह्यात हथनोरा येथे नर्मदाकाठी प्राचीन मानवाच्या कवटीचा अवशेष सापडला. त्याच नदीच्या खालच्या अंगाला, आपल्या जिल्ह्यात, टायटॅनोसॉरची अंडी आहेत. मांडवगडाच्या सहली आमच्या संस्थेने किती काढल्या याची मोजदाद नाही. रूपमतीच्या प्रेमाची गोष्ट पाठ नाही असा सभासद मिळणे कठीण. बाघ धारपासून सुमारे शंभर किलोमीटरवर. तेथे बौद्ध लेणी आहेत, आणि डायनासोर जीवाश्मांसाठी राखलेले राष्ट्रीय उद्यानही आहे. यंदाची सहल तिकडे न्यावी, बरोबर दहावीची मुले असावीत, आणि वाटेत पाडल्याला थांबून तेथील शेतकऱ्यांनाच काकड भैरवाविषयी बोलते करावे, अशी लेखी सूचना आम्ही कार्यकारिणीकडे दिली आहे. सूचना विचाराधीन असल्याचे कळते. तेथे जेवणाची सोय काय, एवढी एकच शंका आजवर उपस्थित झाली आहे.